पूर्वेकडे तोंड करून

अमरदीप नाही म्हणायचा. तीच त्याची ओळख होती.

हैदराबादच्या रिंग रोडपलीकडे एक सपाट माळ आहे. तिथे तो लोकांना हवेत फिरवून आणायचा. ज्या यंत्रातून फिरवायचा त्याला पॉवर्ड पॅराशूट म्हणतात. तीन चाकांची उघडी गाडी. पुढे चालवणारा, मागे प्रवासी. त्यांच्या पाठीमागे जाळीच्या पिंजऱ्यात इंजिन आणि भला मोठा पंखा. विमानासारखे पंख नाहीत. जे आहे ते कापड. उडायच्या आधी ते गाडीच्या मागे जमिनीवर पसरून ठेवतात, साडी वाळत घातल्यासारखं. त्याच्या दोऱ्या गाडीला बांधलेल्या असतात. गाडी पळायला लागली की कापडात वारा भरतो, ते उठतं, डोक्यावर येतं, आणि मग गाडीला उचलून घेतं. माळावरचे लोक त्याला छत्री म्हणायचे.

सगळं काही त्या उठण्यात असतं. छत्री डोक्यावर येईपर्यंत गाडी जमिनीवरच पळत असते. तेवढ्या वेळात चालवणाऱ्याने मान वर करून बघायचं. छत्री नेमकी डोक्यावर आहे, की एका बाजूला? सगळे कप्पे फुगलेत? एखादी दोरी आडवी गेलीय? सगळं ठीक असेल तरच पूर्ण रेस द्यायची. नसेल तर सोडून द्यायचं. इंजिन बंद, कापड खाली, पुन्हा पसरा, पुन्हा सुरुवात.

"यात अवघड काय आहे?" मी एकदा विचारलं होतं.

"बघण्यात काहीच नाही," अमरदीप म्हणाला. "बघून सोडण्यात आहे. मागं बसलेला ओरडत असतो, चलो चलो. इंजिन ओरडत असतं. तुझा हात आधीच पुढं गेलेला असतो."

शिकताना त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. छत्री उजवीकडे झुकलेली होती आणि त्याने रेस दिली. "न दिसल्यामुळं पडलो असं नाही, मानसी. दिसत होतं. दिसत होतं आणि दिली." हे तो हसत सांगायचा. पण त्यानंतर तो माणूस बदलला, असं त्याच्या घरचे म्हणायचे.

माळावर एका काठीला नारिंगी फीत बांधलेली असायची. वारा कुठून येतोय ते त्या फितीवरून कळायचं. फीत अस्वस्थ झाली की अमरदीप हेल्मेट काढून ठेवायचा. मग भांडणं. एका रविवारी एक जण सासरच्या सगळ्या मंडळींना घेऊन आला होता. जावईबापूंना सासऱ्यांसमोर उडून दाखवायचं होतं.

"नक्को साब. हवा घूम री," अमरदीप म्हणाला.

"हम भी घूमनेकोच आए ना भाई!"

"शाम को आओ. अब नक्को."

"दो बार आया मैं. दोनों बार नक्कोच बोले तुम. पायलट हैं की रिश्ता देखने को आए?"

सासरेबुवांसकट सगळे हसले. तेव्हापासून त्याचं नाव नक्को पायलट पडलं. त्याला त्याचं काही वाटायचं नाही. "नक्को पायलट बोलो, चलता," तो म्हणायचा. "मरहूम पायलट नक्को बोलो." मरहूम म्हणजे कैलासवासी.

आम्ही कॉलेजात एकत्र होतो. मी साहित्य घेतलं, त्याने कॉमर्स घेतलं आणि शेवटच्या वर्षी सोडलं. माझं घर काचीगुड्यात, त्याचंही तिथेच, स्टेशनला लागून. त्याचे वडील तातेराव परभणीकडचे. रेल्वेत शंटिंगला होते, आता निवृत्त. डबे जोडायचे आणि सोडवायचे, यात त्यांचा जन्म गेला. अमरदीप मराठी फर्डी बोलायचा, पण वाचताना अडखळायचा. मी लिहिलेलं काही दाखवलं की म्हणायचा, "तूच वाच ना, मी ऐकतो." आणि खरंच ऐकायचा. मध्येच म्हणायचा, "हे वाक्य लांबलं. सोड." तो जे सोडायला सांगायचा ते बहुतेक वेळा सोडायच्याच लायकीचं असायचं.

यंत्र त्याचं नव्हतं. यंत्र मुकुंदरावांचं.

मुकुंदरावांच्या घरात तीन पिढ्या वकिली झाली. नामपल्लीला त्यांच्या आजोबांच्या नावाची पाटी अजून आहे. स्वतः मुकुंदराव मात्र लग्नं करून देण्याच्या धंद्यात आले. मांडव, दिवे, जेवण, नवरीची एंट्री, सगळं. आमच्याशी स्वच्छ पुस्तकी मराठी, गिऱ्हाइकांशी तेलुगू, मजुरांशी दखनी. आवाज कधी चढत नाही. प्रत्येकाला बेटा म्हणतात. मला पूर्वी हे आवडायचं. आता तो शब्द ऐकला तरी तोंडात काहीतरी आंबट येतं.

माळावरच्या फेऱ्यांत त्यांना रस नव्हता. त्यांना सुचली पुष्पवृष्टी. तेलुगू लग्नात मुहूर्ताला वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे आणि गूळ कुटून केलेला लगदा ठेवतात. तोच लग्नाचा क्षण. त्या क्षणी वाजंत्री एकदम टिपेला जाते. त्याला गट्टिमेळम म्हणतात. कुणाची शिंक, कुणाचं रडणं, असला अशुभ आवाज त्या घटकेला कानावर पडू नये म्हणून तो गदारोळ. मुकुंदरावांनी ठरवलं की गट्टिमेळम सुरू झालं की आकाशातून फुलं पडायची. मागच्या सीटवर टोपली, तिच्या तळाला दोरी. दोरी ओढली की पाकळ्या सुटतात.

पहिली काही लग्नं चांगली झाली. वारा सोयीचा होता. व्हिडिओ फिरले. मग गिऱ्हाइकांना अकला सुचायला लागल्या.

या शहरात लोक वास्तूसाठी चांगल्या घराच्या भिंती फोडतात. दक्षिणेचा दरवाजा विटांनी बुजवतात आणि पूर्वेला खिडकी होती तिथे दरवाजा करतात. मग उडणारी गाडी तरी कशी सुटेल? मुलीकडचे म्हणाले, गाडी पूर्वेकडे तोंड करून सुटली पाहिजे. दक्षिणेला तर मुळीच नको. दक्षिण यमाची.

"काका, तोंड वाऱ्याकडं लागतं," अमरदीप मुकुंदरावांना म्हणाला. "दक्षिणेचा वारा असेल तर दक्षिणेलाच तोंड. पूर्वेला केलं तर वारा कुशीत घुसणार आणि छत्री डावीकडं पडणार."

"ते आपल्याला कळतं बेटा. पण लग्न त्यांचं आहे."

"मग त्यांना उडू द्या."

मुकुंदराव हसले. त्यांनी अमरदीपला काढलं नाही. त्यांनी दुसरा पायलट घेतला.

आदित्य गौलीगुड्याचा. आई तेलुगू, वडील मराठी, ते लहानपणीच गेलेले. बाहेरगावी जाऊन त्याने कोर्स केला होता, पण हात बसलेला नव्हता. अमरदीप त्याला माळावर शिकवायचा. आदित्य त्याला अन्ना म्हणायचा. दोघं तासन्‌तास नुसती छत्री उठवायचे आणि सोडायचे. उठव, बघ, सोड. उडणं नाहीच. आदित्य वैतागायचा. "अन्ना, एवढं सोडायला शिकून मी काय स्वामी होणार का?"

"जिवंत राहणार," अमरदीप म्हणायचा. "मग हवं तर स्वामी हो."

फेब्रुवारीच्या शेवटी शमीरपेटच्या बाजूला एका लॉनवर लग्न होतं. एखाद्या लग्नाला ये, असं अमरदीप कधीचा म्हणत होता. मी गेले. सकाळी उशिराचा मुहूर्त. आम्ही पोचलो तेव्हा वारा नव्हता. मांडव भरत गेला तसा वाराही उठला. सरळ दक्षिणेकडून. सोबत आणून रोवलेल्या काठीवरची फीत उत्तरेकडे ताठ झाली.

अमरदीपने गाडी ढकलून दक्षिणेकडे वळवली. लगेच मुलीचे वडील धावत आले. रेशमी धोतर, कपाळाला कुंकू, हातात दोन फोन.

"वद्दु, वद्दु! दक्षिणम् वद्दु बाबू!"

मागोमाग मुकुंदराव. "बेटा, फक्त पळायचं पूर्वेला. एकदा वर गेलास की कुठंही जा. यम काय वर बसलाय?"

"काका, वर काही होत नाही. जे होतं ते उठतानाच होतं."

"पंतुलु भटजींनी वेळ काढलेली आहे. ती हलत नाही."

"मग वारा हलवा."

मुलीच्या वडिलांना मराठी कळत नव्हतं, पण चेहरा कळत होता. ते मुकुंदरावांकडे बघू लागले, हॉटेलात पदार्थ संपलाय म्हणून सांगणाऱ्या वेटरकडे बघावं तसं. अमरदीपने हेल्मेट काढलं आणि सीटवर ठेवलं.

"आज नाही," तो म्हणाला.

मुकुंदराव चिडले नाहीत. त्यांनी नुसती मान वळवली. "आदित्य बेटा?"

आदित्यने हेल्मेट उचललं. अमरदीपने त्याचा दंड धरला. "नक्को."

"अन्ना, मी बघतो आणि सोडतो. तुम्ही शिकवलं तसं. डोक्यावर नाही आली तर सोडतो ना."

"सोडशील?"

"ओट्टु," आदित्य म्हणाला. शपथ, असा त्याचा अर्थ.

अमरदीप मुलीच्या वडिलांपुढे गेला आणि तेलुगूत काहीतरी समजावू लागला. ते त्याच्याकडे न बघता फोनवर बोलत राहिले. तेवढ्यात गाडी पूर्वेकडे वळवून झाली. कापड पसरून झालं. इंजिन सुरू झालं. अमरदीप परत धावला तोवर गाडी पळायला लागली होती.

छत्री उठली आणि डावीकडे गेली. मला त्यातलं काही कळत नाही, पण ते माझ्यासारखीलाही दिसत होतं. छत्री एकीकडे, गाडी एकीकडे. आदित्यची मान वर गेली. त्याने बघितलं. मी शपथेवर सांगेन, त्याने बघितलं. त्याच्या डावीकडे सगळा मांडव त्याच्याकडे वळून उभा होता, फोन वर धरून, शिट्ट्या वाजवत. मग इंजिनचा आवाज वाढला.

उजवं चाक जमिनीवरून सुटलं. गाडी तिरपी उचलली गेली, डावीकडे ओढली गेली आणि स्पीकर टांगलेल्या लोखंडी खांबावर जाऊन आदळली.

त्याच वेळी गट्टिमेळम सुरू झालं.

मुहूर्त चुकला नाही. हे मला सांगितलंच पाहिजे. पंतुलुंचा माईक चालू होता. जिरे-गूळ ठेवून झालं. वाजंत्रीवाल्यांना कुणीतरी खूण केली तशी त्यांनी आणखी जोर लावला. आदित्य ओरडत होता, त्याचं तोंड उघडं दिसत होतं, आणि ऐकू येत होते फक्त ढोल आणि सनया. अशुभ आवाज कुणाच्याही कानावर पडला नाही. टोपली फुटून सगळ्या पाकळ्या एकाच जागी ढिगाने पडल्या. एक बाई खाली वाकून साडीच्या निऱ्यांवरचा पेट्रोलचा डाग बघत होती. कॅमेऱ्यावाला आधी इकडे वळला होता, त्याला कुणीतरी हाताला धरून मंचाकडे फिरवलं.

आम्ही आदित्यला मोटारीत घालून निघालो तेव्हा पंगत बसत होती. फाटकाशी पानं मांडणाऱ्याने आमच्या गाडीला वाट दिली आणि पुन्हा पानं मांडायला लागला.

आदित्य तिसऱ्या दिवशी गेला.

चालवणाऱ्याची चूक, असं ठरलं. ते खोटं नव्हतं. त्याने बघितलं आणि सोडलं नाही. पण बाकी कुणाचंच काही ठरलं नाही. पूर्वेला तोंड कुणी करायला लावलं, हे कुणी विचारलंही नाही. जणू गाडी आपोआप वळली होती.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मुकुंदराव अमरदीपच्या शेजारी बसले. खांद्यावर हात ठेवला. डोळे ओले होते, खरोखरच ओले होते. आणि ते हळूच म्हणाले, "तू बसला असतास तर हे झालंच नसतं रे बेटा."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. जो म्हणाला होता उडू नका, त्याला हे सांगत होते. ज्यांनी उडवलं ते.

ते वाक्य चार दिवसांत सगळीकडे गेलं. माळावर गेलं. डेकोरेशनवाल्यांत गेलं. आदित्यच्या आईकडे गेलं. त्या माउलीने अमरदीपचे दोन्ही हात धरून तेलुगूत तेच म्हटलं. तिला मी काही म्हणू शकत नाही. तिला कुणाचे तरी हात धरायचेच होते. पण बाकीचे? "अरे, तुमकु तो आता था ना मियाँ. तुम बैठ जाते तो क्या होता था?" नक्को पायलट म्हणून जे हसायचे ते आता त्याच नावाने वेगळ्या तऱ्हेने बोलवत होते. वाक्य सोयीचं होतं. कुणालाच काही करावं लागत नव्हतं. सगळं एका नकारावर टाकता येत होतं.

एका संध्याकाळी मी त्याच्या घरी गेले. अमरदीप जेवत होता, म्हणजे ताटापुढे बसला होता. तातेराव पलंगावर.

"तू बसला असतास तं पोरगं जित्तं असतं," तातेराव म्हणाले. मी असताना. मुद्दाम.

"काका, तो बसला असता तर वारा फिरला असता का?" मी विचारलं.

"तुला काय कळतं त्यातलं? तुमी पुस्तकवाले. नाही म्हनून बाजूला व्हायला काय लागतं? सोपं असतं बाजूला होनं."

"तुम्हाला कुणी गाडी सुटताना डब्यांच्या मधे जा म्हटलं असतं तर गेला असता?"

"मी न्हाई गेलो तं दुसऱ्याला घालायचे. म्हून मी जायचो," ते शांतपणे म्हणाले. "जल्मभर गेलो. बघ, हाय का न्हाई जित्ता?"

हे ते अभिमानाने सांगत होते. अमरदीप ताटातल्या भाताला बोट लावत राहिला. मला त्या खोलीत बसवेना.

एप्रिलमध्ये मुकुंदराव स्वतः त्याच्या घरी आले. मी तिथेच होते. तातेरावांनी पोहे केले होते, ते मुकुंदरावांनी आवडीने खाल्ले, वर शेव मागून घेतली. यंत्र दुरुस्त झालं होतं. कापड नवीन होतं.

"वैशाखातलं एक लग्न घेतलंय," ते बोटं चाटत म्हणाले. "एक नवा मुलगा मिळालाय, विजयवाड्याचा. व्हिडिओ बघून बघून शिकलाय म्हणे. हिंमतवान आहे. मी म्हटलं, आधी आपल्या अमरदीपला विचारावं. तू आलास तर तू. नाही तर तो बसेल. बिचाऱ्याला अनुभव नाही, पण काय करणार?"

पोह्यांची बशी खाली ठेवताना त्यांनी अमरदीपकडे पाहिलंही नाही. गरज नव्हती. इतका नीट घातलेला फास मी पाहिला नव्हता. आदित्यच्या मरणातून त्यांनी हे हत्यार घडवून घेतलं होतं, आणि ते वापरत होते पोहे खाता खाता.

"जा," तातेराव म्हणाले.

मुकुंदरावांना पोचवून आम्ही दोघं स्टेशनसमोरच्या टपरीवर उभे राहिलो.

"तू जाणार नाहीस," मी म्हणाले.

"आणि तो पोरगा?"

"त्याला गाठ. त्याला सांग आदित्यचं काय झालं ते."

"काका नंबर देत नाहीत."

"मग तो पोरगा आहे हे तरी कशावरून?"

अमरदीप चहावरची साय बोटाने बाजूला करत राहिला.

"असला तर?" शेवटी तो म्हणाला. "दुसऱ्यांदा बघत उभा राहू? ऐक. मी जातो. वारा बरा असेल तर उडतो. नसेल तर नाही म्हणतो आणि त्यालाही बसू देत नाही. गाडीची चावी माझ्या खिशात. खेळ खलास."

"नक्की?"

"ओट्टु," तो म्हणाला.

तो शब्द त्याने वापरायला नको होता. पण बाकीचं पटण्यासारखं होतं. मला तेव्हा एकच गोष्ट महत्त्वाची वाटत होती. त्याच्याजवळ स्वतःचं असं एक ‘नाही’च होतं, आणि सगळे मिळून ते त्याच्याकडून काढून घेत होते. ते त्याच्याजवळ राहावं. म्हणून मी लग्नाला गेले.

लॉन वेगळं, माणसं तीच वाटावीत अशी. तेच दोन फोनवाले वडील, तोच अत्तराचा आणि तुपाचा वास. सकाळ चढली आणि वारा उठला. दक्षिणेचा. फीत उत्तरेकडे ताठ. आणि मधूनमधून ती फीत खाली पडून पुन्हा उडत होती, म्हणजे वारा झटके देत होता. शमीरपेटला ते नव्हतं. हा वारा त्याहून वाईट होता.

गाडीचं तोंड पूर्वेला.

अमरदीप फितीकडे बघत उभा होता. लोकांना अडवायला बांधलेल्या दोरखंडापाशी मी उभी होते, त्याचा चेहरा मला दिसत होता. त्याने फितीकडे बघितलं. मांडवाकडे बघितलं. मुकुंदराव लांबूनच हात वर करून हसले. मी वाट बघत होते. आता हेल्मेट काढेल. आता नक्को म्हणेल. इतक्या वेळा ऐकलेला शब्द. चावी त्याच्याच हातात होती.

त्याने ती लावली.

छत्री उठली आणि डावीकडे गेली. अगदी तशीच. त्याची मान वर गेली. त्याने बघितलं. आणि इंजिनचा आवाज वाढला.

उजवं चाक सुटलं. पण त्याने गाडी छत्रीकडेच वळवली, डावीकडे, तिच्या खाली घुसवली. एका चाकावर, खुर्च्यांच्या दिशेने. लोक खुर्च्यांवरून उठले. एका म्हाताऱ्या बाईला कुणीतरी ओढलं, ती गुडघ्यावर पडली. छत्री सरळ झाली. चाकं मांडवाच्या झालरीला घासून गेली, झालर फाटत गेलेली मी पाहिली. आणि तो वर होता.

गट्टिमेळम झालं. बरोबर तेव्हा पाकळ्या पडल्या. डोक्यांवर, फोनवर, जिरे-गुळावर. सगळी तोंडं वर, उघडी. टाळ्या. ती म्हातारी बाई गुडघा चोळत टाळ्या वाजवत होती.

तो उतरला तेव्हा त्याला हार घातले. मुकुंदरावांनी मिठी मारली, एका वाटीतून चमच्याने खुबानी का मीठा, म्हणजे जर्दाळूचं गोड, भरवलं. मी गर्दीतून पुढे गेले. तो घामाने निथळत होता आणि त्याचा चेहरा चमकत होता. कितीतरी दिवसांत तो इतका खूश दिसला नव्हता.

"बघितलंस? डावीकडं गेलती. धरली की नाही?"

"आदित्यनेही तेच केलं होतं," मी म्हणाले.

"आदित्यला येत नव्हतं."

हे त्याने इतकं पटकन म्हटलं, की ते आधीच तयार असणार.

"तो नवा मुलगा कुठंय?"

"कोण?" त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली. "हां, तो. तो नव्हताच."

"तुला कधी कळलं?"

"सकाळी. आल्या आल्या. विचारलं तर सगळे हसायला लागले."

"मग चावी खिशातच का नाही ठेवलीस?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी बालिश विचारतेय. "मुहूर्त होता ना," तो म्हणाला.

मुकुंदराव पुन्हा आले. त्यांच्या मागे आणखी एक रेशमी धोतरवाला, पुढच्या लग्नाचा. "बेटा, यांच्या वास्तुवाल्यानं ईशान्य सांगितलीय. जमेल?"

अमरदीपने काठीकडे बघितलंही नाही.

"जमेल काका. सांगाल तिकडं."

मग मुकुंदराव माझ्याकडे वळले. "मानसी बेटा, तोंड गोड कर." त्यांनी एक वाटी माझ्या हातात दिली. साईवर वरून पडलेली पाकळी चिकटलेली होती, चुरगाळलेली, काळी पडत चाललेली. मी वाटी त्यांच्या हातात परत दिली आणि फाटकाकडे निघाले. अमरदीपने हाक मारली नाही. त्याच्याभोवती फोटो काढणाऱ्यांची गर्दी झाली होती, आणि तो प्रत्येकाला हो म्हणत होता.